पोहता येत नाही, तरी अंदमानच्या बेटांवर स्नॉर्केलिंगला जावं का?

ताई, तुमचा प्रश्न असा: दारव्हा तालुक्यातली तीन जोडपी जानेवारीत अंदमानला चालली आहेत. एक दिवस सात-आठ जणांच्या छोट्या बोटीने बेटं फिरायची, डोळ्यांवर मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत प्रवाळ बघायचं, म्हणजेच स्नॉर्केलिंग. नवरे तिघेही लहानपणापासून विहिरीत पोहणारे, बायकांपैकी एकीलाही पोहता येत नाही. मग बायकांचे पैसे भरायचे, की त्यांनी काठावर चपला सांभाळत बसायचं?

भरा. तिघींचेही भरा. आणि काळजी करायचीच असेल तर नवऱ्यांची करा.

मी भंडारा जिल्ह्यातली, धानाच्या आणि तलावांच्या मुलखातली. आमच्यासोबत जे गावच्या तलावात पाळीवरून सूर मारणारे बहाद्दर होते, तेच समुद्रात सगळ्यात आधी नळी तोंडातून काढून बोटीकडे वळले. मी आणि माझी जाऊ मात्र गाइडने ‘आता चला’ म्हणेपर्यंत पाण्यात होतो. विहिरीत पोहणारा माणूस डोकं वर ठेवतो, श्वास छातीत कोंडतो, जोरात हातपाय मारतो आणि थोड्या वेळात पायरीला येऊन टेकतो. स्नॉर्केलिंगमध्ये यातलं काहीच करायचं नसतं. पाण्यावर पालथं पडायचं, चेहरा पाण्यात ठेवायचा, नळीतून तोंडाने श्वास घ्यायचा आणि हातपाय जवळपास गप्प ठेवायचे. पाय झाडले की धाप लागते. धाप लागली की माणूस भराभर छोटे श्वास घेतो, आणि मग नळीत अडकलेली, एकदा वापरलेली हवाच पुन्हा आत जाते. जीव अजून घाबरतो. पोहता येतं म्हणून लाइफ जॅकेट नको म्हणणाऱ्याचं तर विचारूच नका. जिला पोहता येत नाही ती गाइड सांगतो तसं करते. ज्याला येतं तो गाइडलाच शिकवायला जातो.

बुडण्याची भीती असेल तर एक सांगते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते आपल्या विहिरीच्या पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे अंग आपोआप जास्त वर राहतं. त्यात अंगात जॅकेट. वर बहुतेक ठिकाणी गाइड तुम्हाला रबरी रिंग धरायला देतो आणि ती ओढत नेतो. तुम्हाला फक्त खाली बघायचं असतं.

खरी अडचण नाकाची आहे. मास्क नाकावरही बसतो, त्यामुळे नाकाने श्वास घेताच येत नाही. इतक्या वर्षांची सवय अशी बंद झाली की छातीत धडधडतं, आणि ही धडधड पहिल्यांदा समुद्रात अनुभवली तर दिवस वाया जातो. म्हणून ती घरीच उरकून घ्या. एक साधा मास्क आणि नळी मागवा, तिघींत एक पुरे. पूर्ण चेहऱ्याचा मास्क मात्र घेऊ नका, आत पाणी शिरलं तर तो झटकन काढणं कठीण जातं. घंगाळात नाहीतर ढोरांच्या टाक्यात स्वच्छ पाणी भरा, मास्क लावा, तोंड पाण्यात घाला आणि सावकाश श्वास घ्या. घेताना हळू, सोडताना त्याहून हळू. पहिल्या दिवशी दहा आकडे मोजेपर्यंतही जमणार नाही. चार-पाच दिवस केलं की भाजीचा विचार करता करता जमतं. मग नळीत मुद्दाम थोडं पाणी जाऊ द्या आणि जोरात ‘फू’ करून ते बाहेर उडवा. एवढं आलं की समुद्रात तोंडात खारट घोट आला तरी तुम्ही किंचाळणार नाही. सासूबाई हसतील, हसू द्या.

मास्क बरोबर बसतो की नाही हे बघायला पट्टा न लावता तो चेहऱ्याला लावा आणि नाकाने किंचित हवा ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तुमच्या मापाचा. केस, टिकली, ओढणीचं टोक काहीही कडेखाली येऊ देऊ नका. आणि आता नवऱ्यांचा विषय. मिशीतून पाणी शिरतं. झुबकेदार मिशी असेल तर मास्कची कड नाकाखाली नीट बसतच नाही, दर दोन मिनिटांनी मास्क पाण्याने भरतो. मिशीला व्हॅसलिन चोपडून बरंच काम भागतं. आमच्या ह्यांनी व्हॅसलिन लावलं, मिशी नाही काढली. व्हॅसलिन रबराला चांगलं नाही, म्हणून मास्क घरचा असो की भाड्याचा, नंतर नीट धुऊन टाका. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून पाण्याने हलकेच विसळतात. किळस वाटली तर लहान बाळाच्या शाम्पूचा एक थेंबही चालतो.

सराव करायला विहिरीत उतरू नका, नदीत तर मुळीच नाही. आमच्याकडे वैनगंगेत रेती उपसून केलेले खड्डे असे आहेत की घोटाभर पाण्यातला माणूस पुढच्या पावलाला गायब होतो. तुमच्याकडच्या नद्यांतही रेतीचे घाट आहेत, तिथेही विश्वास ठेवू नका. तलाव असेल तर काठाला, कमरेइतक्या पाण्यात, सोबत कोणी उभं ठेवून. घंगाळ त्याहून बरं.

आता कोणत्या बेटांवर जायचं. एकाच दिवसात सगळं दाखवतो म्हणणाऱ्या एजंटाला नमस्कार करा. पोर्ट ब्लेअरहून (आता अधिकृत नाव श्री विजयपुरम) सर्रास विकली जाते ती रॉस आणि नॉर्थ बेची सहल. रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. इंग्रजांचं हे जुनं मुख्य ठाणं १९४१ च्या भूकंपात खिळखिळं झालं, आता पडक्या भिंतींवर वडा-पिंपळाच्या मुळ्या चढलेल्या आहेत आणि हरणं मोकळी फिरतात. ते चालून बघायचं बेट आहे, पोहायचं नाही. नॉर्थ बेला पाण्यात उतरता येतं. जुन्या लालसर वीसच्या नोटेमागे जे नारळाच्या झाडांचं दृश्य होतं, ते याच बाजूचं. पण तिथे गर्दी फार आणि बोटी मोठ्या. तुम्हाला हवी तशी छोटी बोट हॅवलॉकला (स्वराज द्वीप) मिळते. जेट्टीवरून एलिफंट बीचला जाणाऱ्या बोटींत मोजकीच माणसं बसतात, अंतर थोडं, आणि प्रवाळ काठापासून जवळ आहे. न पोहणारीसाठी ही जागा मला सगळ्यात योग्य वाटते.

जॉली बॉयचं प्रवाळ त्याहून सुंदर. ते वांडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. १९८३ साली झालेल्या या उद्यानात पंधरा बेटं आहेत. जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटं पर्यटकांसाठी आळीपाळीने उघडी ठेवतात, म्हणजे प्रवाळाला विसावा मिळतो. जानेवारीत जॉली बॉयची पाळी असते. परवाना आधी काढावा लागतो आणि सोमवारी बंद असतं. प्लास्टिक नेऊ देत नाहीत, जेट्टीवर पिशव्या तपासतात, तेव्हा पाणी स्टीलच्या बाटलीत न्या आणि चिवडा डब्यात. फक्त ही बोट लहान नसते. लहान बोटीचाच हट्ट असेल तर जॉली बॉय सोडा. प्रवाळाचा हट्ट असेल तर बोटीचा सोडा.

आणखी एक जोडी आहे, रॉस आणि स्मिथ, दिगलीपूरच्या बाजूला. दोन बेटांमध्ये वाळूचा पट्टा आहे, ओहोटीला एका बेटावरून दुसऱ्यावर चालत जाता येतं. तिथे छोट्याच बोटी नेतात. पण पोर्ट ब्लेअरहून रस्त्याने अख्खा दिवस मोडतो. आठ दिवस हातात असतील तरच जा. (हे रॉस वेगळं, वरचं वेगळं. एजंट लोक यात मुद्दाम घोळ घालतात.)

तारीख ठरवताना भरती-ओहोटी बघा. तुमच्या-आमच्या मुलखात पाणी चढतं ते पुराला. तिथे ते रोज दोनदा चढतं-उतरतं आणि रोजची वेळ पाऊणेक तासाने पुढे सरकते. पंचांग घरात असतंच. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास चढ-उतार सगळ्यात मोठा असतो. ऐन ओहोटीला प्रवाळावर पाणी इतकं कमी उरतं की पोट घासेल, आणि जोराने पाणी उतरत असताना ओढही असते. भरतीच्या आसपासचा शांत वेळ चांगला. बोटवाल्याला ‘किती वाजता निघायचं’ विचारण्याऐवजी ‘त्या दिवशी भरती किती वाजता’ असं विचारा. लगेच उत्तर आलं तर माणूस कामाचा. ‘मॅडम, कधीपण चला’ म्हणाला तर पुढच्याकडे जा.

सकाळची पहिली फेरी घ्या. अंदमान इतकं पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे जानेवारीत सहाच्या आधी उजाडतं आणि सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारनंतर बोटवाल्यांची परतायची घाई असते.

छोट्या बोटीचा फायदा एवढाच की पाण्यात उतरल्यावर गाइडची नजर प्रत्येकीवर राहते. तीस जणांत एक गाइड असेल तर तुम्ही घाबरलात हे त्याला कळणारही नाही. म्हणून पैसे देण्याआधी विचारा की पाण्यात आमच्यासोबत किती जण उतरणार. मग बोटीला शिडी आहे का ते डोळ्यांनी बघा. याकडे कोणी लक्ष देत नाही. पाण्यात उतरणं सोपं असतं. भिजलेल्या कपड्यांनी, थकलेल्या हातांनी बोटीच्या काठावर स्वतःला ओढून घेणं आपल्यासारख्या बायकांना जमत नाही, आणि मग दोन परके पुरुष बगलेत हात घालून वर ओढतात. शिडी असेल तर आपली आपण चढतो. काठावरून चालत उतरायची जागा असेल तर हा प्रश्नच नाही, एलिफंट बीचला तसंच आहे. जॅकेट घालून बघा, सगळे पट्टे लावून खांद्याशी वर ओढा. हनुवटीपर्यंत सरकलं तर लहान मापाचं मागा. पैशांत पाण्यातला वेळ किती ते आधीच ठरवा. पॅकेजमधलं ‘फ्री स्नॉर्केलिंग’ बरेचदा पाच-दहा मिनिटांचं असतं आणि खऱ्या प्रवाळापर्यंत जायचे वेगळे पैसे मागतात.

कपड्यांचं तुम्ही विचारलं नाही, पण मनात असेलच. साडी नको, घोळदार पंजाबी ड्रेस नको, ओढणी तर अजिबातच नको, पायात अडकते. लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा घट्ट टीशर्ट घाला, त्याला कोणी काही म्हणत नाही आणि ऊनही लागत नाही. आपण पंचेचाळीस डिग्रीत निंदण करणारी माणसं, आपल्याला कसलं ऊन लागतं, असं वाटेल. पण पालथं पडून गार पाण्यात राहिलं की पाठ, मान आणि पोटऱ्या भाजताहेत हे कळतच नाही, रात्री कळतं. मंगळसूत्र आणि जोडवी हॉटेलवर ठेवा. सेफ्टी पिनांनी अडकवलेलं काहीही अंगावर नको.

बोट लागत असेल तर रिकाम्या पोटी जाऊ नका आणि तर्री-पोहे खाऊनही नाही. दोन इडल्या पुरेत. मागच्या बाजूला बसा, फोनकडे नाही तर दूरच्या क्षितिजाकडे बघा. गोळी घ्यायची असेल तर गावच्या डॉक्टरांना आधीच विचारून घ्या, निघण्याच्या तासभर आधी घेतली तरच उपयोग होतो.

पाण्यात गेल्यावर काय दिसेल याबद्दल थोडं खरं सांगते, कारण जाहिरातीतले फोटो बघून गेलेली माणसं निराश होतात. पाण्याखाली लाल रंग सगळ्यात आधी विरतो, त्यामुळे खोलवरचं सगळं निळसर-करडं दिसतं. प्रवाळाचा बराच भाग फिका आणि मेलेलाही दिसेल. २०१० मध्ये समुद्र जास्त तापला तेव्हा तिथलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं होतं. पण मासे! पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे, पोपटी, चोचीने प्रवाळ कुरतडणारे. ती कुरतडण्याची कर्रकर्र पाण्याखाली स्पष्ट ऐकू येते, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. मास्कमधून सगळं मोठं आणि जवळ दिसतं, म्हणून हात लांबवू नका, आणि दमलात तरी प्रवाळावर उभं राहू नका. ते जिवंत आहे आणि पाय कापतं. विसावा हवा तर तिथेच उताणं व्हा, जॅकेट धरून ठेवतं. पांढरे तुकडे पिशवीत घालून आणू नका. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासताना पकडतात.

दमा, हृदयाचा त्रास, फिटचे झटके असतील किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. तळाला काच असलेली बोट असते, तिच्यातून बसल्या जागी दिसतं. आणि अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी खरोखर आहेत, म्हणून पाटी लावलेल्या किनाऱ्यावर किंवा खाडीच्या तोंडाशी, कोणी कितीही म्हटलं तरी, पाण्यात जायचं नाही. तुमच्या तिन्ही पोहणाऱ्यांनाही हे आधीच सांगून ठेवा.

तारीख ठरली की इथेच कळवा, त्या दिवशीची भरती बघून कोणत्या वेळेची बोट घ्यायची ते सांगते.