अवकाश क्षेत्रातील विद्यार्थी-स्पर्धांचा नोकरीसाठी खरोखर उपयोग होतो का?

तुम्ही विचारले आहे की, यांत्रिकी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात असताना आणि महाविद्यालयात एरोस्पेस शाखाच नसताना अवकाशविषयक स्पर्धांत उतरण्यात अर्थ आहे का, कोणती स्पर्धा निवडावी आणि त्यातून पुढे नोकरी मिळते का. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. उपयोग नक्की होतो, मात्र तो चषकामुळे होत नाही. मी काही वर्षे विद्यार्थी-संघांचे तांत्रिक अहवाल तपासत आलो आहे आणि या क्षेत्रात पुढे स्थिरावलेल्या मुलामुलींना मुलाखतीत काय विचारले गेले, हेही त्यांच्याकडून ऐकत आलो आहे. क्रमांक कितवा आला हा प्रश्न क्वचितच येतो; तुम्ही स्वतः कोणता भाग बनवला, त्याची चाचणी कशी घेतली आणि तो बिघडला तेव्हा कारण कसे शोधले, हे मात्र खोदून खोदून विचारले जाते.

या दृष्टीने सुरुवातीला मी कॅनसॅट सुचवेन. शीतपेयाच्या डब्याएवढ्या जागेत उपग्रहाचे सगळे मूलभूत घटक, म्हणजे वीजपुरवठा, सेन्सर, नियंत्रक आणि रेडिओ, बसवायचे आणि तो डबा रॉकेटने उंच नेऊन सोडायचा, ही कल्पना प्राध्यापक बॉब ट्विग्ज यांनी १९९८ मध्ये मांडली आणि पुढच्याच वर्षी नेवाडातील ब्लॅक रॉक वाळवंटात तिची उड्डाणे सुरू झाली. क्यूबसॅट या छोट्या घनाकार उपग्रहाचे १० सेंटिमीटर बाजूचे मानकही ट्विग्ज आणि जॉर्डी प्विग-सुआरी यांनी १९९९ मध्येच मांडले. अमेरिकेत दरवर्षी होणाऱ्या विद्यापीठ-स्तरीय कॅनसॅट स्पर्धेत डब्याने पार पाडायची कामगिरी दर वर्षी बदलते, त्यामुळे मागील वर्षाचा नमुना उचलून भागत नाही. प्राथमिक रचनेचा आढावा, अंतिम रचनेचा आढावा, उड्डाण आणि उड्डाणोत्तर विश्लेषण हे सगळे टप्पे पार करावे लागतात. प्रत्यक्ष उड्डाण काही मिनिटांत आटोपते. त्यामागे शैक्षणिक वर्षाचा बराचसा भाग गेलेला असतो. प्रक्षेपणाच्या हिसक्याने बॅटरीची जोडणी सैल होणे, पॅराशूटच्या दोऱ्या गुंतणे, डबा तिरका होताच अँटेनाची दिशा चुकून टेलिमेट्री, म्हणजे रेडिओवरून येणारी मापे, तुटणे, या गोष्टी वर्गात शिकवून कळत नाहीत.

संघाच्या दोन गटांमधील देवाणघेवाण लेखी ठरलेली नसणे किंवा ठरलेली पाळली न जाणे, हा विद्यार्थ्यांच्या अहवालांत मला सर्वांत जास्त वेळा दिसणारा दोष आहे, आणि तो केवळ विद्यार्थ्यांचा नाही. १९९९ मध्ये मंगळाजवळ पोहोचून नष्ट झालेल्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर या नासाच्या यानाच्या बाबतीत एका सॉफ्टवेअरने इंजिनाच्या आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदांत दिले होते आणि पुढच्या गणिताने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले.

तुमच्या शाखेचा विचार करता विमान, रॉकेट आणि रोव्हर (परग्रहाच्या पृष्ठभागावर फिरणारी गाडी) या तिन्ही प्रकारांत तुम्हाला भरपूर काम आहे. विमानासाठी एस.ए.ई. या अभियंत्यांच्या संघटनेची एरो डिझाइन आणि अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ एरोनॉटिक्स अँड ॲस्ट्रोनॉटिक्सची ‘डिझाइन, बिल्ड, फ्लाय’ या जुन्या आणि प्रतिष्ठित स्पर्धा आहेत. दुसऱ्या स्पर्धेत लेखी अहवालाच्या गुणांनी उड्डाणाच्या गुणांना गुणले जाते, म्हणून उत्तम उडणारे विमानही कच्च्या अहवालामुळे मागे पडते. मला स्वतःला ही पद्धत फार आवडते. नासाच्या स्टुडंट लाँच स्पर्धेत रॉकेट किती उंच गेले याला महत्त्व नाही. संघाने आधी जाहीर केलेल्या उंचीच्या ते किती जवळ पोहोचले, हे पाहिले जाते. मार्स सोसायटीचे युनिव्हर्सिटी रोव्हर चॅलेंज २००७ पासून युटाच्या वाळवंटात होत आले आहे आणि तेथे प्रत्यक्ष मैदानात जाण्यापूर्वी अहवाल व चित्रफितीच्या आधारे निवड होते. रोव्हर मात्र पहिल्याच वर्षी हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्याला यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक या तिन्ही बाजूंची तयार माणसे लागतात.

निधी किंवा संघ नसेल, तर नासाच्या स्पेस ॲप्स चॅलेंजमध्ये कोणीही विनाशुल्क सहभागी होऊ शकतो. एका शनिवार-रविवारात खुल्या माहितीवरून उपाय मांडायचा असतो, त्यामुळे त्यातून फार मोठ्या अपेक्षा ठेवू नयेत. त्यापेक्षा ओपनरॉकेट या मोफत सॉफ्टवेअरवर रॉकेटच्या उड्डाणाचे संगणकीय अनुकरण करून पाहणे किंवा सॅटनॉग्स या खुल्या जाळ्यासाठी लहान भूकेंद्र (जमिनीवरील अँटेना आणि रेडिओ) उभारून उपग्रहांचे संदेश पकडणे, यांतून अधिक शिकायला मिळते. कायद्याचे शिक्षण घेणारे मित्र असतील, तर १९९२ पासून चालणाऱ्या मॅनफ्रेड लाक्स अवकाश-कायदा अभिरूप न्यायालय स्पर्धेबद्दल त्यांना जरूर सांगा. तिच्या अंतिम फेरीत आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश निकाल देतात.

आता नोकरीबद्दल. अवकाश क्षेत्र म्हणजे रॉकेटचे इंजिन, असा समज घट्ट बसलेला आहे, परंतु माणसे संरचना, उष्णता-नियंत्रण, कंपन-चाचणी, गुणवत्ता-तपासणी, भूकेंद्रांचे सॉफ्टवेअर आणि उपग्रहाकडून आलेल्या माहितीचे विश्लेषण या कामांसाठीही लागतात. यांतील पहिली चार यांत्रिकी अभियंत्याच्या आवाक्यातली आहेत. विद्यार्थी-प्रकल्पांतून थेट कंपन्याही उभ्या राहिल्या आहेत: म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील विद्यार्थी-रॉकेट गटात काम केलेल्यांनी २०१८ मध्ये इसार एरोस्पेस ही रॉकेट-कंपनी स्थापन केली, तर नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठाच्या विद्यार्थी-उपग्रहाच्या अनुभवातून आयसिस ही लहान उपग्रहांची कंपनी निघाली.

नागरिकत्वाची अट मात्र आधीच नीट समजून घ्यावी, कारण ती उशिरा कळल्याने अनेकांची योजना कोलमडते. रॉकेट आणि उपग्रहांचे बरेच तंत्रज्ञान शस्त्रास्त्र-निर्यात नियंत्रणाखाली येते, त्यामुळे अमेरिकेतील अशा कंपन्या बहुतांश पदांसाठी तेथील नागरिक किंवा कायम रहिवासी यांनाच घेतात. युरोपीय अवकाश संस्थेच्या संधीही प्रामुख्याने सदस्य आणि सहयोगी देशांच्या नागरिकांसाठी असतात, आणि राष्ट्रीय अवकाश संस्थांचा कल साधारणपणे आपल्याच नागरिकांकडे असतो. विद्यापीठांतील संशोधन आणि उपग्रह-माहितीचे विश्लेषण यांत ही अडचण तुलनेने कमी येते. म्हणून स्पर्धा निवडतानाच आपण कोणत्या देशात आणि कोणत्या प्रकारच्या संस्थेत अर्ज करू शकणार आहोत, हे पाहून ठेवावे.

दुसऱ्या वर्षात असल्यामुळे तुमच्याकडे दोन पूर्ण फेऱ्यांचा वेळ आहे. पहिल्या वर्षी संघप्रमुख होण्याच्या मागे न लागता चाचणीचे काम मागून घ्या. ते सहसा कोणाला नको असते, पण त्यामुळे प्रत्येक उपप्रणाली हाताखालून जाते. प्रत्येक चाचणीची तारीख, मांडणी, अपेक्षित आणि मिळालेली मापे व त्यावर घेतलेला निर्णय लिहून ठेवा, आणि अर्ज करताना प्रमाणपत्रांच्या प्रतींऐवजी त्या नोंदींतून निवडलेली चार-पाच पाने जोडा.