आत्ताच न्यायचं की सकाळपर्यंत थांबायचं?

"मॅडम, नेलं तर डॉक्टर म्हणतात, एवढ्याशा तापाला कशाला आणलंत. नाही नेलं तर रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. मी नेमकं करू काय?"

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या लहान मुलांच्या आयांकडून हे मी इतक्या वेळा ऐकलंय की पहिलं वाक्य कानावर पडलं की पुढचं ओळखता येतं. म्हणून त्यांतल्या एकीची गोष्ट सांगते. तिची परवानगी आहे, ओळखीचे तपशील बदलले आहेत.

ती आली होती झोप लागत नाही म्हणून. लेक अडीच वर्षांची. दुसऱ्याच भेटीत तिने पर्समधून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. आदल्या आठवड्यात लेकीला ताप होता, त्या रात्रीच्या नोंदी. 11.10 ला 101.4. 11.20 ला 101.2. 11.45 ला 102, त्याभोवती लाल पेनाने दोनदा गोल. पहाटे चारपर्यंत सत्तावीस आकडे होते. मी मोजले.

"पावणेबाराला 102 ताप होता. तेव्हा ती काय करत होती?"

"झोपली होती... नाही, पाणी मागत होती बहुतेक." मग जरा थांबून, "आठवत नाही."

"श्वास कसा चालला होता? शेवटची शू कधी केली होती?"

ती वहीची पानं मागेपुढे करत राहिली. उत्तर त्यात नव्हतं. शेवटी वही मिटून म्हणाली, "रात्रभर तिच्या उशाशी बसले होते मॅडम, पण तिच्याकडे बघितलंच नाही. पाराच बघत होते."

अशा वेळी धीराचे चार शब्द पटकन तोंडावर येतात. मी ते बोलले नाही. इतक्या वर्षांत एवढं नक्की शिकले आहे, की माणसाला स्वतःहून काही दिसलं की लगेच त्यावर पांघरूण घालू नये. ती रडली, आणि मग खरी गोष्ट बाहेर आली.

लेक नऊ महिन्यांची असताना ती तिला रात्री दवाखान्यात घेऊन गेली होती. साधी सर्दी निघाली आणि चार लोकांसमोर तिला 'घाबरट आई' म्हटलं गेलं. दोन महिन्यांनी लेकीला खोकला झाला. त्या वेळी ती थांबली, आणि लेकीला चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. दोन्हीकडून पोळलेली ही बाई एका निष्कर्षाला आली होती: "चांगल्या आईला कळायलाच हवं."

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये जी विवेकनिष्ठ विचारपद्धती मांडायला सुरुवात केली, तिच्यावर माझा विश्वास आहे. तिचं सार मला मराठीतल्या एका अक्षरात सापडतं: 'च'. 'कळलं तर बरं' ही इच्छा झाली. 'कळायलाच हवं' हा हुकूम झाला, आणि हुकूम पाळता आला नाही की माणूस स्वतःला गुन्हेगार ठरवतो. मी तिला तेच वाक्य 'च' काढून म्हणायला लावलं.

"मला कळलं तर बरं. नाही कळलं तर..." ती अडखळली. "नाही कळलं तर डॉक्टर आहेत की!"

हे म्हणताना तिचा चेहरा असा सैलावला की तो अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. आजार कोणता हे ओळखणं आईचं काम नाही. बघणं आणि नेणं एवढं तिचं काम. तपासून 'काही नाही' असं निघालं, तर खेप वाया गेली नाही. ज्यासाठी गेलात ते उत्तर मिळालं.

मग काय बघायचं ते तिने मुलीच्या डॉक्टरांना दिवसा, शांतपणे विचारून लिहून काढलं. मी वैद्यकीय सल्ला देत नाही, पण ही यादी प्रत्येक घरात असावी असं मला मनापासून वाटतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 ताप आला तरी लगेच न्यायचं, तिथे विचार करत बसायचं नाही. त्याहून मोठ्या मुलाच्या बाबतीत मात्र आकड्याइतकंच, किंबहुना जास्त, मुलाकडे बघायचं. 1980 मध्ये बार्टन श्मिट या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी पालकांच्या तापाविषयीच्या अवाजवी धास्तीवर लिहिलं होतं. ती धास्ती आजही माझ्या समोरच्या खुर्चीत येऊन बसते. ताप म्हणजे बहुतेक वेळा शरीराची लढाई. 103 ताप उतरल्यावर खेळायला लागलेलं मूल आणि 100 तापात मलूल पडलेलं मूल, यांत दुसऱ्याची काळजी आधी करायची.

श्वास मात्र मोजायचा. मूल शांत असताना किंवा झोपेत, अंगातला सदरा वर करून, पोटाकडे बघत, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत 60, एक वर्षापर्यंत 50, एक ते पाच वर्षांत 40. तेवढे किंवा त्याहून जास्त श्वास भरले तर दाखवायचं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, काहीच पीत नाही, प्यायलेलं सगळं उलटून पडतंय, झटके आले, उठवूनही नीट जागं होत नाही, सात-आठ तासांत शू नाही, मान ताठ झालीय, अंगावरचे लाल-जांभळे ठिपके काचेचा पेला दाबूनही फिके होत नाहीत, यातलं एकही दिसलं तर घड्याळ बघायचं नाही, निघायचं. तीन दिवसांहून जास्त ताप राहिला तर मूल हसतंखेळतं असलं तरी दाखवायचं. आणि 'आज ही नेहमीसारखी वाटत नाही' हे कारणसुद्धा डॉक्टरांना बेधडक सांगायचं. तुम्ही तिला रोज बघता, त्यांनी फार तर चार वेळा पाहिलेलं असतं.

एका भेटीला मी नवऱ्यालाही बोलावलं. भला माणूस. "मी तिला कधी अडवत नाही, तू म्हणशील तसं म्हणतो," तो म्हणाला. या वाक्यात मोकळीक आहे असं पुष्कळांना वाटतं. खरं तर त्यात सगळा भार एकीच्या डोक्यावर ठेवून बाजूला होणं आहे. आजारी मुलाच्या घरात 'तूच ठरव' इतकं एकटं पाडणारं दुसरं काही नसतं. मी त्याला श्वास मोजायला शिकवलं. पहिल्यांदा मध्येच चुकला, पुन्हा एकपासून मोजला.

तीन महिन्यांनी ती वही घेऊन आली. मधल्या एका रात्रीचं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. ताप त्या रात्री फक्त 100.2 होता. जुन्या हिशोबाने ती निवांत झोपली असती. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला, वेळेत आणलंत म्हणाले, आणि लेक घरीच औषधावर बरी झाली. पानावर एकच नोंद होती, दोन हस्ताक्षरांत. वरची ओळ नवऱ्याची: 'झोपेत श्वास 54. पुन्हा मोजला, 52.' खाली तिची: 'पाणी नको म्हणतेय. आवडती गोष्ट सांगितली तरी लक्ष नाही. आम्ही निघतोय.'