फिलोडेंड्रॉनची पानं लहान होत चाललीयत? खत नका वाढवू

तुम्ही म्हणताय वेल वाढतेय भराभर, पण प्रत्येक नवीन पान आधीपेक्षा लहान, दोन पानांत हातभर अंतर, खालची पिवळी पडतायत, आणि म्हणून तुम्ही खत-पाणी दोन्ही वाढवलं. ते आधी थांबवा. वेल उपाशी नाहीये, तिला उजेड कमी पडतोय आणि चढायला काही मिळत नाहीये.

फिलोडेंड्रॉन मूळचा अमेरिका खंडातल्या उष्ण जंगलांमधला, तिथे तो मोठ्या झाडांचे बुंधे धरून वर उजेडाकडे जातो. मुळांना पकड मिळाली की पानं मोठी व्हायला लागतात, हँगिंग कुंडीत खाली सोडला की बारीक होत जातात. "लो लाइट प्लांट" म्हणून विकतात खरं, पण त्याचा अर्थ कमी उजेडात मरत नाही एवढाच. खिडकीजवळ ठेवा, फक्त दुपारचं ऊन थेट पानांवर नको, डाग पडतात.

आता मॉस स्टिक, म्हणजे शेवाळ (मॉस) गुंडाळलेली आधाराची काठी. पेरावर (खोडाला पान फुटतं ती गाठ) जिथे तपकिरी मुळं फुटलेली दिसतात ती बाजू स्टिककडे करायची आणि खोड बांधायचं, सैलसर, पानाचे देठ बांधायचे नाहीत (हे फार जण करतात, मग पान वळायला बघतं आणि देठच मोडतो). आणि स्टिक ओली हवी. पाणी वरून तिच्यावरच ओता, सावकाश, कारण कोरड्या मॉसमध्ये मुळं शिरतच नाहीत, मग साधी काठी लावली काय आणि ही लावली काय.

जुन्या उघड्या खोडावर गळलेली पानं परत येणार नाहीत, लहान राहिलेली मोठीही होणार नाहीत. त्यामुळे सरळ कापा. प्रत्येक तुकड्याला निदान एक पेर हवं, नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर कधीकधी मुळं फुटतात पण वेल कधीच होत नाही. पाण्यात मुळं बोटभर झाली की त्याच कुंडीत लावा, कुंडी भरगच्च दिसते.

पिवळी पानं बहुतेक जास्त पाण्याची. वरची इंचभर माती सुकल्याशिवाय पाणी नको. मुळं काढून बघा, मऊ काळी असतील तेवढी छाटा आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (पांढरे हलके खडे), झाडाची साल असं मोकळं मिश्रण घाला, नुसतं कोकोपीट नको, फार वेळ ओलं राहतं.

शेंड्याजवळ सुकून तपकिरी झालेलं जे पातळ आवरण तुम्हाला रोग वाटतंय ते नवीन पान ज्यात गुंडाळलेलं असतं तेच आहे, आपोआप गळतं, ओढू नका, आतलं पान फाटेल. मनी प्लांटला असं आवरण नसतं, दोन्हीत गोंधळ होत असेल तर हीच खूण बघायची.

घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर कापलेले तुकडे लगेच उचला, यात कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक सुईसारखे कण असतात, चावलं तर तोंडाची आग होते. खत नवीन पान आल्यावरच, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं, महिन्यातून एकदा.