पाठीवरचं बिऱ्हाड किती किलोचं?

प्रश्न : काका, आम्ही दोघंच. यजमान नुकतेच निवृत्त झाले, माझं वय ५८. टुरिंग कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायचं ठरतंय. गाडी मध्यम आहे आणि ती बदलायची नाही. यजमानांचे गुडघे दुखतात, म्हणून ओढायला आणि जागेवर लावायला हलकीच हवी. एक पाहिली, फार आवडली. पलंग कायमचा मांडलेला, न्हाणीघर ऐसपैस. विक्रेता म्हणाला, "लाइटवेट मॉडेल आहे, १,०८० किलो. तुमची गाडी १,३०० ओढते. डोळे मिटून घ्या." दुसरी पाहिली ती ८९० किलोची, पण आत शिरल्यावर कपाटात उभं राहिल्यासारखं वाटलं. गाडीच्या कागदांवरचे आणि दोन्ही कॅरॅव्हॅनच्या पट्टीवरचे आकडे सोबत लिहून पाठवते. डोळे मिटू का?

उत्तर : ताई, डोळे मिटू नका, चष्मा लावा. आणि आकडे पाठवल्याबद्दल आधी शाबासकी घ्या. मला येणाऱ्या दहा पत्रांपैकी आठांत कॅरॅव्हॅनच्या पडद्यांचा रंग असतो, वजन नसतं.

विक्रेता खोटं बोलला नाही. पण १,०८० हे रिकाम्या कॅरॅव्हॅनचं वजन. माहितीपत्रकातला हा आकडा म्हणजे दाखवायचे दात. कोणी त्यात गॅस आणि थोडं पाणी धरतं, कोणी धरत नाही, बॅटरी तर बहुधा हिशेबाबाहेरच ठेवतात. तुम्हाला बघायचं ते दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं कमाल वजन, म्हणजे सगळं सामान भरून कॅरॅव्हॅन जास्तीत जास्त किती किलोची होऊ शकते ते. तुमच्या लाडकीचं ते १,२०० आहे. म्हणजे सामानाला मिळाले १२० किलो. ऐकायला बरे वाटतात. आता वजा करत चला. बॅटरी २२ किलो. भरलेला गॅस सिलिंडर, टाकीच्या वजनासकट, १२. दाराबाहेर लावायचा तंबू दांड्यांसकट २४. यजमानांच्या गुडघ्यांसाठी मोटर मूव्हर तुम्ही घेणारच, म्हणजे बटण दाबलं की कॅरॅव्हॅन स्वतःच सरकते ती यंत्रणा, तिचे ३०. झाले ८८. उरलेल्या ३२ किलोंत दोघांचे कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडी, खुर्च्या, टेबल, विजेची लांब केबल आणि पाणी. पाण्याचा हिशेब तर सरळ आहे, एक लिटर म्हणजे एक किलो.

त्या दुसरीचं रिकामं वजन ८९० आणि कमाल १,१५०. तिच्यात २६० किलोंची सोय आहे, हेच ८८ वजा केले तरी १७२ उरतात. ताई, हलकी कॅरॅव्हॅन कुठली, ते आता तुम्हीच सांगा.

हे शहाणपण मला जन्मतः आलेलं नाही. मी २३ वर्षं कॅरॅव्हॅन ओढतोय, आणि पहिली घेतली ती माहितीपत्रक पाहूनच. रिकामी १,०२०, कमाल १,२००. पहिल्या दोन सहली मजेत झाल्या. तिसऱ्या सहलीला निघताना वाटेत ट्रकांचा वजनकाटा दिसला, म्हणून गंमत म्हणून कॅरॅव्हॅन सोडवून एकटी काट्यावर चढवली. काटेवाल्याने चिठ्ठी हातात दिली आणि माझ्याऐवजी आमच्या सौ.कडे बघितलं. १,२६३. पट्टीपेक्षा ६३ किलो जास्त, आणि मी दोन सहली छाती फुगवून चालवत होतो!

त्या रात्री सौ.ने सूटकेस तोलायचा हुकाचा काटा काढला, कॅरॅव्हॅनमधली एकेक वस्तू पिशवीत घालून टांगली आणि शाळेच्या वहीत लिहीत गेली. बिडाचा तवा ३ किलो ४००. माझी हत्यारांची पेटी ११ किलो ८००. दिवाणाखाली दोन सहलींपासून पडून असलेली जुनी मासिकं, ६ किलो. जाड लाकडी पाट, जे टेकूंखाली ठेवतात ते, चार मिळून ७ किलो. एकही वस्तू जड वाटत नव्हती, तिथेच फसलो. ती वही अजून आहे आणि दर सहलीआधी उघडली जाते.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. १,३०० ही तिची ओढण्याची मर्यादा. हा आकडा बहुतेक वेळा १२ टक्के चढावर थांबलेली गाडी मागच्या ओझ्यासकट पुन्हा हलू शकते की नाही यावरून ठरतो. म्हणजे तो ताकदीचा आकडा आहे. मागचं धूड वाऱ्यात डुलायला लागलं तर पुढची गाडी त्याला सांभाळेल का, याबद्दल तो काही सांगत नाही. त्यासाठी कॅरॅव्हॅनवाल्यांचा जुना ठोकताळा आहे, भरलेल्या कॅरॅव्हॅनचं वजन गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. हा कायदा नव्हे. मुरलेले लोक त्याच्या थोडे वर जातात, नवख्यांनी जाऊ नये. तुमच्या गाडीचं वजन १,३४०, त्याचे ८५ टक्के १,१३९. लाडकी भरली की जवळजवळ ९० टक्क्यांवर जाते. ती दुसरी, साधी, १,१०० पर्यंत भरली तर ८२ वर राहते.

कागदावर आणखी एक आकडा आहे, तो तुम्ही लिहून पाठवलात म्हणून कौतुक, कारण बहुतेकांना तो दिसतच नाही. गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून कमाल ३,०००. गाडी पूर्ण भरली तर १,८२०. त्यात १,३०० मिळवा, ३,१२० होतात. म्हणजे १,३०० ओढायची मुभा आहे, पण गाडी भरलेली नसेल तेव्हाच! तुम्ही दोघंच आहात, त्यामुळे तुम्हाला अडचण नाही. नातवंडं मागे बसली की हा हिशेब पुन्हा करा.

तिसरा आकडा गोळ्यावरचा. कॅरॅव्हॅनचं नाक गाडीच्या टो बारच्या, म्हणजे मागच्या ओढदांड्याच्या, गोळ्यावर टेकतं, त्या नाकाचा भार कॅरॅव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा. १,१०० वर ५५ ते ७७. तुमच्या गाडीची मर्यादा ७५, म्हणून ६५-७० धरून चला. हा भार मोजायला यंत्र लागत नाही. आम्ही घरातला माणसं तोलायचा काटा वापरतो. सपाट जागा, चाकांना पुढून-मागून ठोकळे, काट्यावर एक फळी म्हणजे काच फुटत नाही, फळीवर गोळ्याच्या उंचीइतका कापलेला दांडका, आणि जॉकी चाक, म्हणजे नाकाखालचं छोटं टेकूचाक, हळूहळू वर घेत नाक त्या दांडक्यावर सोडायचं. फळी आणि दांडक्याचं वजन वजा करा. नाक फार जड निघालं की काहीतरी थोडं मागे सरकवायचं, फार हलकं निघालं की पुढे. मागे सरकवायचं म्हणजे चाकांच्या आसाजवळ, शेपटीत नव्हे.

शेपटीवरून सांगतो. त्याच पहिल्या कॅरॅव्हॅनची गोष्ट. मी पाण्याचे दोन कॅन, प्रत्येकी २० लिटरचे, मागच्या न्हाणीत ठेवले होते आणि मागच्या भिंतीवर दोन सायकली. सायकली चढवताना नाक हलकं झालं, ते मला सोयीचं वाटलं, उचलायला सोपं! लांब उतार होता, वेग ९५ च्या आसपास. शेजारून मोठा ट्रक पुढे गेला. त्याच्या वाऱ्याने कॅरॅव्हॅन आधी बाहेर ढकलली, मग आत ओढली, आणि आरशात तिचा डावा कोपरा दिसला, मग उजवा, मग पुन्हा डावा, दर खेपेला जास्त. कुत्रा शेपूट हलवतो तशी ती माझी गाडी हलवत होती. सौ. काही बोलली नाही, फक्त डॅशबोर्डवर हात टेकले. मी पाय वर घेतला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, ब्रेकवर जोर दिला नाही. वळवळीच्या विरुद्ध स्टिअरिंग फिरवायचा मोह अनावर होतो, तो आवरायचा, कारण आपण नेहमी अर्ध्या सेकंदाने उशिरा असतो आणि झोका आणखी वाढवतो. ७० च्या खाली आल्यावर ती आपोआप शांत झाली. बाजूला घेऊन थांबलो तेव्हा माझ्या मांड्या थरथरत होत्या. तेच ४० किलो आसावर, जमिनीला लागून ठेवले असते तर असा झोका बसला नसता. दोन टोकांना वजन टांगलेली कावड वळवून बघा, एकदा फिरायला लागली की थांबता थांबत नाही.

तेव्हा जड वस्तू खाली आणि आसाजवळ, मध्यम वस्तू खाली पण पुढे-मागे चालतील, वरच्या कपाटांत कपडे आणि तुमचे प्लास्टिकचे कप. स्टॅबिलायझरवालं कपलिंग, म्हणजे डुलणं आवरणारी नाकाची पकड, मिळालं तर जरूर घ्या, ते गोळ्याला घर्षणाच्या गाद्यांनी घट्ट धरतं. त्या गोळ्याला ग्रीस लावू नका. माझ्या एका शेजाऱ्याने प्रेमाने लावलं आणि गाद्या वाया गेल्या.

साध्या कॅरॅव्हॅनमध्ये घुसमटल्यासारखं वाटलं, ते मी हसण्यावारी नेत नाही. पुन्हा जा, दोघं जा, आणि अर्धा तास बसा. रोज संध्याकाळी पलंग मांडायचा म्हणजे गुडघ्यांना किती वेळा वाकावं लागतं, तेही करून पाहा. ते जमत नसेल तर कायमच्या पलंगाची, पण कमाल ११५० च्या आतली तिसरी शोधा. लाडकी मात्र या गाडीमागे नको.

प्रश्न : छप्पर वर उचलणारी बुटकी कॅरॅव्हॅन हलकी असते का? की नुसती फॅशन?

उत्तर : फॅशन म्हणाल तर फार जुनी. जर्मनीत एर्विन हायमर यांनी १९५७ मध्ये विमानांच्या अभियंत्यासाठी, एरिक बाखेम यांच्यासाठी, छोटी कॅरॅव्हॅन बांधली. एरिकमधलं एरि आणि बाखेममधलं बा घेऊन 'एरिबा' नाव पडलं, आणि उचलतं छप्पर ही त्या घराण्याची ओळख झाली. वजनात फायदा असतो, पण खरा फायदा वाऱ्याचा. चढावर आणि सुटताना वजन नडतं, सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना मात्र इंजिन मुख्यतः हवेशी झुंजतं, आणि वेग वाढला की हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. उंच सपाट भिंत गाडीच्या टपावरून डोकावत असेल तर ती हलकी असूनही इंधन पिते. विजेच्या गाडीमागे लावणाऱ्यांनी तर किलोच्या आधी उंची बघावी. तोटा असा की उचललेल्या छपराच्या बाजू कापडी असतात. थंडीत आत दव धरतं आणि पावसाचा आवाज येतो. मला तो आवडतो, सौ.ला नाही.

प्रश्न : जुनी बघतोय, १२ वर्षांची. काय तपासू?

उत्तर : ओल, ओल आणि मग टायर. आत शिरताच नाकाने सुरुवात करा. अगरबत्ती किंवा सुगंधी फवारा मारलेला असेल तर संशय घ्या. खिडक्यांखाली, चारही कोपऱ्यांत, छताच्या शिवणीखाली अंगठ्याने दाबा, भिंत बिस्किटासारखी दबली तर नमस्कार करून निघा. ओल मोजायचं यंत्र मिळालं तर १५ टक्क्यांपर्यंत ठीक, २० च्या वर गेलं की आतलं लाकूड धोक्यात. दारातून आत पाऊल टाकतो तिथे टाचेवर उभं राहून हला, तळ लवचीक लागला किंवा करकरला तर थरांची चिकटण सुटलीय. हलक्या कॅरॅव्हॅनचा तळ पातळ थरांचाच असतो, म्हणून तिथे जास्त बारकाईने.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. कॅरॅव्हॅनचे टायर झिजून नव्हे, उभ्या उभ्या म्हातारे होऊन मरतात. नक्षी कोरी दिसली तरी सहा-सात वर्षांचे असले तर बदलायचा खर्च सौद्यातच धरा. चाकांचे नट टॉर्क पान्याने आवळा आणि ५० किलोमीटर गेल्यावर पुन्हा बघा.

प्रश्न : लहान कॅरॅव्हॅन रिव्हर्स घेणं सोपं ना?

उत्तर : उलट. लहान कॅरॅव्हॅन चटकन कातरीत सापडते, म्हणजे गाडीशी कात्रीसारखी दुमडते, मोठी सावकाश वळते आणि चूक सुधारायला वेळ देते. हात स्टिअरिंगच्या तळाला धरा, मग शेपूट ज्या बाजूला न्यायची त्या बाजूला हात न्या. वाकडी झाली की थोडं पुढे जाऊन सरळ करा, लाजू नका. अगदीच नाही जमलं तर सपाट जागी गोळ्यावरून सोडवा आणि दोघांनी ढकला. हँडब्रेकपाशी मात्र एक माणूस उभाच हवा, आणि उतारावर हा उद्योग करूच नका.