शंका-समाधान : रुग्ण मध्येच गळाले, तर रकाने कसे भरायचे?

प्रश्न : अल्झायमरच्या 24 आठवड्यांच्या चाचणीचं विश्लेषण करायचं आहे. औषधाच्या गटातले बरेच रुग्ण मळमळीमुळे आठव्या आठवड्यापर्यंतच चाचणी सोडून गेले. त्यांची शेवटची नोंद पुढे ओढली (एलओसीएफ) की निकाल सावध राहतो, म्हणजे औषधाचा फायदा फुगत नाही, असं वरिष्ठ सांगतात. खरं का?

उत्तर : नाही. या आजारात तर उलटंच होतं. एडास-कॉग या स्मरण-आकलनाच्या चाचणीचे गुण 0 ते 70, आणि आजार बळावतो तसे ते चढतात. समजा, 25 गुणांवर असताना रुग्णाने चाचणी सोडली. राहिला असता तर 28 वर पोचला असता. एलओसीएफ त्याला 25 वरच गोठवतं. म्हणजे औषधाने रुग्ण पळवला आणि वर तीन गुणांची बक्षिसीही घेतली!

मुख्य विश्लेषणाला एमएमआरएम (एकाच रुग्णाची वारंवार घेतलेली मोजमापं एकत्र हाताळणारं संमिश्र प्रारूप) वापरा. रकाने न भरता, आहेत तेवढ्या सगळ्या नोंदी त्यात जातात. भेट हा वर्ग म्हणून घ्या, सरळ रेषा म्हणून नको. गट आणि भेट, तसंच सुरुवातीचे गुण आणि भेट, या दोन्ही आंतरक्रिया ठेवा, म्हणजे गटाचा आणि सुरुवातीच्या गुणांचा परिणाम भेटीगणिक बदलू शकतो. कोव्हेरियन्स (भेटींमधल्या गुणांचा आपसातला संबंध) अनस्ट्रक्चर्ड, म्हणजे कोणताही साचा न लादलेला, असू द्या. पाच भेटींना 15 प्राचलं (विदेतून, म्हणजे डेटातून, काढायचे आकडे) लागतात. लहान चाचणीत गणित कधीकधी जुळत नाही. तेव्हा कोणती रचना घ्यायची, याचा क्रम विदा उघडण्याआधीच आराखड्यात लिहा. नंतर निवडलीत तर सोयीची निवडली असंच कोणीही म्हणेल.

मात्र एमएमआरएम एक गोष्ट गृहीत धरतं : गळतीचं कारण नोंदलेल्या माहितीत आलेलं आहे. संख्याशास्त्रज्ञ रुबिन यांनी 1976 मध्ये मांडलेल्या हरवलेल्या नोंदींच्या वर्गीकरणातला हा मधला प्रकार (मिसिंग अॅट रँडम). तो खरा की खोटा, हे हाती असलेली विदा सांगू शकत नाही. म्हणून गृहीतक मुद्दाम मोडून बघा. बहुविध आरोपणाने, म्हणजे प्रत्येक रिकाम्या जागी अनेक संभाव्य किमती घालून वेगवेगळे संच बनवून, रकाने भरा (30 टक्के रुग्ण गळाले असतील तर साधारण 30 संच), मग औषधाच्या गटातल्या गळालेल्यांच्याच भरलेल्या गुणांत 1, 2, 3 अशी भर घालत जा. निष्कर्ष कुठे कोसळतो ते पाहा आणि एवढी घसरण शक्य आहे का, हे न्यूरॉलॉजिस्टना विचारा. हा प्रश्न संगणकाचा नाही.

प्रश्न : गोळी बंद केलेल्यांना भेटींना बोलवायचं का?

उत्तर : हो, संमती मागे घेतली नसेल तर. शेवटच्या गोळीची तारीख आणि शेवटच्या भेटीची तारीख, असे दोन वेगळे रकाने ठेवा. ‘स्वेच्छेने माघार’ एवढ्यावर भागवू नका. मळमळ त्यातच दडते. मृत्यू झाला असेल, तर पुढचे गुण भरू नका. ते हरवलेले नाहीत, नव्हतेच.