फणसाडला काय दिसेल?

प्रश्न : दिवाळीनंतर मुरुडजवळच्या फणसाड अभयारण्यात जायचं ठरतंय. बरोबर सात वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखीच्या सासूबाई. मुलाला बिबट्याच हवाय. दिसेल का? (एक वाचक, रेवदंडा)

उत्तर : ताई, बिबट्या आहे, पण तो तुमच्या सुट्टीचा दिवस बघून येत नाही. मुलाला शेकरूचं, म्हणजे झाडावरच्या मोठ्या खारीचं, आमिष दाखवा. मान वर करून उंच फांद्यांच्या बेचक्यात बघायला सांगा. काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला, तर ते शेकरूचं घर. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतो, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे मालक घरात असेलच असं नाही! आधी खडखडाट ऐकू येतो, मग तांबूस झुपकेदार शेपूट.

सुपेगावाकडून भल्या सकाळी आत शिरा. पूर्वी ही जंजिऱ्याच्या नवाबांची शिकारीची राखीव जागा होती. १९८६ साली अभयारण्य झालं. इथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. सासूबाईंना सगळ्या गाणी पायी दाखवायचा हट्ट नको. झेपेल तेवढं चालून सावलीत बसवा. बसणाऱ्यालाच जास्त दिसतं, हा माझा अनुभव.

खाऊचा डबा मात्र बंद ठेवा. गेल्या खेपेला मी तांदळाच्या भाकऱ्या दगडावर ठेवून दुर्बीण पुसत होते, तेवढ्यात वानराने फडक्यासकट उचलल्या. भाचा अजून सांगतो, मावशीने वानराला जेवू घातलं. आणि हो, गारंबीच्या वेलीची हातभर लांब शेंग दिसली तर बघा, घरी आणू नका.