इंग्लंडमधल्या स्विंडनला ‘रेल्वेचं गाव’ का म्हणतात?

कारण रेल्वेनेच ते वसवलं. आधी टेकडीवर छोटं बाजाराचं गाव होतं, बस्स. १८४३ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा इंजिन कारखाना पायथ्याशी सुरू झाला आणि कंपनीने कामगारांसाठी दगडी घरांच्या ओळी उभ्या केल्या. गल्ल्यांची नावंही मार्गावरच्या गावांची: ब्रिस्टल, बाथ, टाँटन, रीडिंग! कारखान्याचा भोंगा हेच गावाचं घड्याळ.

मला भावतो तो १८४७ चा औषधोपचार फंड. पगारातून थोडी कपात, त्यात कुटुंबासकट डॉक्टर. पुढे त्यातून दवाखाना आणि पोहण्याचा तलावही झाला. वरचं जुनं आणि खालचं नवं स्विंडन १९०० मध्ये एक झालं. कारखाना १९८६ मध्ये बंद पडला. आता तिथल्या शेडमध्ये लोक ब्रँडेड कपडे घेतात.